पुस्तकातल्या काकूंची भाकरी

आवडत्या लेखकाचं गाव पाहायला आम्ही दोघं नवरा-बायको गेलो होतो. ओढा, टेकडी, शाळा, सगळं ठरवल्याप्रमाणे अकरापर्यंत पाहून झालं. राहिलं होतं लेखकाच्या शेजारच्या काकूंचं घर. दारात आलेल्याला नाव विचारण्याआधी भाकरी वाढणाऱ्या या काकू लेखकाच्या पुस्तकात आहेत. काकू आता नाहीत. चुलीपाशी त्यांची सून होती. आम्हाला पाहताच तिने परातीत पीठ घेतलं.

"राहू द्या हो, वहिनी."

"राहू कसं देऊ? सासूबाई पुस्तकात जाऊन बसल्या, अन् चूल माझ्या गळ्यात! इथून कुणी उपाशी गेलं, तर त्या खोट्या पडतील की."

ती हसत होती, पण एक हात कमरेवर होता. आपण पुस्तकावर प्रेम करतो तेव्हा त्या प्रेमाचं पीठ कुणाला तरी मळावं लागतं, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

मी गाडीतून आमचा डबा आणला. "इथेच बसून जेवतो आम्ही, म्हणजे उपाशी जाणार नाही. तुम्हीही बसा."

संकोचत ती बसली. तिखटमिठाच्या पुरीचा घास घेऊन तिने भिंतीला पाठ टेकली आणि म्हणाली, "मीठ कमी पडलंय. वाढा अजून एक."