देवीचा मुखवटा आणि रविवारचा रस्सा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की मला भूक लागते. पोलिसाच्या आठवणीला हे शोभत नाही, पण खोटं कशाला सांगू? नावं मात्र देणार नाही, कारण ती माणसं अजून तिथंच नांदत आहेत.

मी तेव्हा शहापूर तालुक्यात नेमणुकीला होतो. एका सकाळी खर्डीकडच्या पाड्यावरचा एक वयस्कर माणूस ठाणे अंमलदारापुढे येऊन बसला. त्याच्या घरातून देवीचा मुखवटा चोरीला गेला होता. त्या भागात बोहाडा होतो, म्हणजे मुखवटे चढवून गावकरी देवादिकांची सोंगं नाचवतात. प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराचा. देवी शेवटच्या पहाटे निघते आणि ती निघाल्याशिवाय बोहाडा पुरा होत नाही. हा माणूस त्या देवीचा मानकरी होता आणि बोहाडा तोंडावर आला होता.

नुसती चोरी असती तर मी बीट हवालदारावर सोपवली असती. पण तालुक्याच्या बातम्या मोबाइलवर देणाऱ्या एका उत्साही पत्रकाराने चोर शेजारच्या पाड्यातला असल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं होतं. दोन्हीकडे काठ्या बाहेर निघाल्या होत्या. मुखवटा वेळेत मिळाला नाही तर डोकी फुटणार हे उघड होतं. पत्रकाराला बोलावून चहा पाजला आणि ती बातमी काढून टाकायला लावली. चहा गोड होता, मी नव्हतो.

तक्रारी अर्ज चौकशीवर घेऊन पंचनाम्याला मी स्वतः गेलो. मुखवटा रंगवण्यासाठी पेटीतून काढून पाटावर ठेवलेला होता. दाराचं कुलूप शाबूत, किल्ली नेहमीसारखी वळचणीला खोचलेली. म्हणजे चोर घरातलाच. शेजारच्या पाड्याचा प्रश्न माझ्यापुरता तिथंच मिटला. चुलीवर सुके बोंबील भाजत होते, त्याचा वास घरभर होता. मी सहज विचारलं, "देवीचं घर आणि बोंबील?"

मानकऱ्याच्या बायकोचे डोळे भरून आले. "देवी पेटीतून निघाली का ज्या घरात ती, त्या घरात मच्छी-मटन बंद, साहेब. आता ती नाय, मंग पाळायचं कुनाचं?"

दोन दिवसांनी माझा खबऱ्या आला. तो टेम्पो चालवायचा, त्यामुळे सगळीकडची खबर त्याच्याकडे. "साहेब, वैशाखऱ्याच्या फुडं ता रिसॉर्ट हाय ना, तिथं फुडल्या शनवारी डीजे नाइट हाय. बोर्डावर तुमच्या देवीचा मुखवटा छापलाय."

हद्द मुरबाडची, म्हणून तिथल्या ठाण्याला कळवून गेलो. मॅनेजर अगदी निवांत होता. "चोरी कसली, साहेब? मानकरी स्वतः येणार आहेत नाचायला. पाहुण्यांचं जेवण चाललं असताना, पूलच्या बाजूला. मुखवटा तेच घेऊन येणार." त्याने फोनवरचं बोलणं ऐकवलं. आवाज माझ्या अर्जदाराचाच होता. ही गोष्ट त्याने मला सांगितलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवार. वळचणीची किल्ली ठाऊक असलेल्या पुरुषांना ठाण्यात बोलावलं: मानकऱ्याचा धाकटा भाऊ, जो शेजारीच वेगळा राहत होता, दोन चुलतभाऊ आणि जावई. एकेकाला घेऊन विचारलं. सगळ्यांचं एकच, "नाय साहेब, आमाला ठाव नाय." दुपार झाली. चौकशीत आवाज चढवायचा नाही आणि जेवणाची वेळ टळू द्यायची नाही, हे मी नोकरीभर पाळलं. उपाशी माणूस हट्टाला पेटतो आणि जेवणारा सैल पडतो. समोरच्या हॉटेलातून कोंबडीचा रस्सा आणि भाकऱ्या मागवल्या.

तिघे तुटून पडले. धाकट्याने मात्र वाटी बाजूला सारली आणि कांद्याशी भाकरी मोडली. बीट हवालदार त्याला चांगला ओळखून होता. "काय रे, कुनाची हळद असो, रश्शाला पयल्या पंगतीला तू. आज काय झालं?"

"पोट बरं नाय," धाकटा म्हणाला, आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.

बिघडलेल्या पोटाची ही भूक बघून मला बोंबलांचा वास आठवला. बाकीच्यांना बाहेर पाठवलं आणि विचारलं, "आज देवीला नैवेद्य काय दाखवलास?"

त्याचा घास तोंडातच राहिला. हातातली भाकरी त्याने ताटात ठेवली. मग म्हणाला, "दूध-भात."

मुखवटा त्याच्या घरी भाताच्या कणगीत होता. लाल कापडात गुंडाळलेला, वर हळद-कुंकू वाहिलेलं. इतक्या श्रद्धेने लपवलेला चोरीचा माल मी पुन्हा पाहिला नाही. "मी इकनार नवतो, साहेब," तो म्हणाला. "दारू पिनाऱ्यांच्या ताटांम्होरं आई नाचायची? दादाला सांगून दमलो. तो बोलला, मान माझा हाय."

मी थोरल्याला तिथंच बोलावून घेतलं. तक्रार पुढे चालवली तर भाऊ आत जाईल, आणि रिसॉर्टचं बोलणंही जबाबात येईल, हे त्याला स्वच्छ सांगितलं. मला वाटलं होतं, माणूस लोभी असेल. तो कणगीला टेकून बसला आणि हळूच म्हणाला, "पोरा आता बोहाड्याला थांबत नाय, साहेब. मोबाइल बघतात. वाटलं, तिथं तरी कुनी आईला बघल."

"मी बघतो ना, दादा," धाकटा म्हणाला. "बारका होतो तवापासून बघतो."

थोरल्याने मुखवट्यावर कपाळ टेकलं. मग तो उचलून भावाच्या मांडीवर ठेवला. "यंदा तू बांध."

तक्रार त्याने लेखी मागे घेतली. रिसॉर्टवाल्याने डीजेवर भागवलं. बोहाड्याच्या शेवटच्या पहाटे बंदोबस्ताला मी मुद्दाम स्वतः उभा राहिलो. देवी धाकट्याच्या अंगावर होती, पुढे मशाल धरून थोरला चालत होता, आणि काठ्या काढलेले दोन्ही पाडे शेजारी शेजारी उभे होते. मला भरून आलं, आणि ते लपवण्याचा मी प्रयत्नही केला नाही.

संशयित कशाला भितो हे शोधायला खात्याने मला शिकवलं होतं. तो कशाला मानतो हे आधी शोधावं, हे मी या तपासात शिकलो. माणूस पोलिसाशी बिनधास्त खोटं बोलतो, पण ज्याला मानतो त्याच्याशी खोटं वागणं त्याला जड जातं. पुढे मला याचा फार उपयोग झाला.

मुखवटा पेटीत गेल्यानंतरच्या रविवारी धाकटा ठाण्यात आला. हातात मोठा डबा होता. "गावठी कोंबडी हाय, साहेब. तवाची वाटी ऱ्हायली व्हती." मी हवालदाराला दोन ताटं मांडायला सांगितलं. धाकटा दारातच घुटमळला.

"दादा पन आलाय," तो म्हणाला. "भायेर झाडाखाली बसलाय. आत यायला लाजतो."

मी हवालदाराला तिसरं ताट घ्यायला सांगितलं आणि थोरल्याला आणायला स्वतः बाहेर गेलो.