बंदर पाहणारा एक जण

पाओ-शिउ आमच्या तैवानमधल्या कीलुंग बंदराच्या मच्छीमार संघात वेबसाइटचा सर्व्हर सांभाळायची. मी शेजारच्या टेबलावर बर्फाच्या ऑर्डरी घेत असे. मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही.

तिचे काम काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करण्याचे. संध्याकाळी निघण्यापूर्वी ती कोण कुठून कोणते पान उघडते याची सर्व्हरची नोंद ओळीओळीने सरकत जाताना बघत बसे. पॅराग्वेतून, एका फार जुन्या यंत्रावरून, कोणीतरी रोज त्याच वेळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, फक्त बंदराच्या कॅमेऱ्याचे थेट चित्र उघडत असे. वडिलांशी भांडून गेलेला तिचा धाकटा भाऊ तिकडेच होता. त्याचा पत्ता नव्हता.

"अगं, तेही एखादं यंत्रच असेल," मी म्हणालो.

"यंत्र रविवारी उशिरा उठत नाही, दादा."

"मग चित्राखाली निरोप लिही की."

"वाचला तर उत्तर द्यावं लागेल. मग तो येणारच नाही."

पुढे संघाचे प्रमुख यूसाहेब यांनी सगळी वेबसाइट सुरक्षित जोडणीवर न्यायला लावली. जुन्या यंत्रांना ती जोडणी जमेना. पॅराग्वेची ओळ बंद झाली. तिने साहेबांकडे त्या चित्राच्या एका पानासाठी जुनी, असुरक्षित वाट मागितली.

"एका माणसासाठी?"

"एकच आहे, पण खाडा करत नाही."

साहेब हसले. "द्या. बंदर काय कोण चोरून नेणार आहे!"

तिने फाइल बदलली, स्वतःच्या संगणकावर चित्र उघडून पाहिले. दिसले. पण ओळ काही येईना. तिने डबा खाणे सोडले.

सर्व्हर शहाण्यासारखा वागावा म्हणून आमच्याकडे त्यावर नारळाच्या खाऊचे हिरवे पाकीट ठेवतात. मी म्हणालो, "तारीख उलटलीय बघ त्याची."

नवे पाकीट ठेवता ठेवता ती थबकली. "दादा, मी सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला सांगितलंच नाही!" तो बिचारा जुन्याच हुकमावर चालला होता, आणि तिचा नवा संगणक सुरक्षित वाटेने आरामात पोचत होता. तिने फाइल तपासून घेतली, हुकूम दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओळ आली. ती खुर्चीवरून उठली. छत्री घेऊन खाली गेली.

तेव्हापासून त्या वेळी ती रोज धक्क्यावरच्या दिव्याखाली, कॅमेऱ्यासमोर थोडा वेळ उभी राहते. रविवारी जरा उशिरा जाते.