धोंडोपंतांना हळदीकुंकवाचं आमंत्रण नाही

आमच्याकडे प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात (इथे डब्लिनला कपाटाला प्रेसच म्हणतात), आईस्क्रीमचे रिकामे डबे साठत जातात. कोणी मुद्दाम साठवत नाही, पण टाकवतही नाहीत. आमच्या ग्रुपचे किस्से तसेच साठलेत. मग म्हटलं, एकदा काढूनच ठेवू सगळे.

ग्रुप म्हणजे आम्ही पाच जण. मी मुग्धा, माझा नवरा प्रसाद, नागपूरचा शिरीष, तिकडे दूर पश्चिमेला एनिस गावाहून शॅननला नोकरीला जाणारा ओंकार आणि शिरीषच्या ऑफिसातला डेक्लन, जो अस्सल डब्लिनचा आहे. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की आपापल्या घरून हेडफोन लावून आम्ही एक ऑनलाइन गेम खेळतो. राक्षस, जंगलं, किल्ले, सगळं आहे त्यात.

आणि यंदाच्या हिवाळ्यात आमच्या क्लोनडॉकिनच्या घरात आणखी एक व्यक्ती होती. माझी आई, कराडची. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. जानेवारीत ब्लँचर्डस्टाउनला माझ्या मैत्रिणीकडे, शलाकाकडे, मोठं हळदीकुंकू असतं आणि आईला तिथे न्यायचंच, असं मी ठरवलं होतं. आईने न जायचं ठरवलं होतं. आमच्या घरात हट्टीपणा बायकांकडून बायकांकडे येतो, त्यामुळे काय होणार हे कोणालाच सांगता येत नव्हतं!

* * *

आधी गेमचा नियम सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. या गेममध्ये हत्यारांनाही सोवळंओवळं आहे. धनुष्य आणि जखमा भरणारी काठी फक्त बाईच्या पात्राला चालते. कुऱ्हाड, घण आणि मोठी ढाल फक्त पुरुषाच्या पात्राला. चुकीचं हत्यार उचललं की स्क्रीनवर लाल अक्षरात मेसेज येतो: हे तुम्हाला वापरता येणार नाही. का येणार नाही, ते विचारायचं नाही.

शिरीषने पहिल्या दिवशी आपल्यासारखाच एक दाढीवाला धिप्पाड गडी बनवला. तीन आठवडे राबून गेममधलं सगळ्यात भारी धनुष्य मिळवलं. हात लावला, तर लाल अक्षरं!

"काय बे हे! तीन आठवडे झक मारली काय मी?"

त्या संध्याकाळी गड्याचं विसर्जन झालं आणि सुलोचना जन्माला आली. तिचं नाक ठरवायला शिरीषने दीड तास घेतला. आम्ही सगळे ताटकळत बसलो होतो. म्हणे, "रोज पाहाचं आहे मले, नीट तर असू दे!"

धनुष्यापायी प्रसाद, ओंकार आणि डेक्लन हेही बाया झाले. चौघांनाही दाढ्या आहेत. ओंकारची अजून वाटाघाटीत आहे, पण तो तिला दाढीच म्हणतो.

आणि मला हवी होती कुऱ्हाड. लहानपणापासून कुठेही गेलं की "तू जरा बाजूला हो, जड आहे ते" ऐकत आलेय. म्हणून मी झाले धोंडोपंत. सात फूट उंची, छातीवर रुळणारी दाढी आणि खांद्यावर कुऱ्हाड. काय सांगू, सुख आहे!

* * *

तर पात्र बाईचं असलं की चिलखताचं काय होतं, हे सुलोचनामुळे कळलं. एकच चिलखत, एकच नाव. धोंडोपंतांनी घातलं तर गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लोखंड. सुलोचनाने घातलं तर पोट उघडं, पाठ उघडी आणि लोखंड नुसतं चवीपुरतं.

आणि आम्हाला जायचं होतं बर्फाच्या डोंगरावर.

शिरीष अस्वस्थ झाला. "अरे, बाईमाणूस गारठून जाईन तिथं!"

डेक्लनला यात काही वावगं दिसलं नाही. तो स्वतः जानेवारीत हाफ पँट घालून ऑफिसला येतो. तो म्हणाला, "शी'ज ग्रँड!" म्हणजे, ठीकच तर आहे ती.

शिरीष ऐकेना. त्याने गावातल्या शेतकऱ्याकडून एक गोणपाटाची शाल आणली. तिने संरक्षण शून्य. राक्षसाने फुंकर मारली तरी सुलोचना आडवी व्हायची. त्या दुपारी ती सात वेळा मेली आणि तिच्यामुळे आम्ही सगळे सात वेळा डोंगराच्या पायथ्याशी परत आलो.

"काढ ती शाल!" प्रसाद ओरडला.

"मेलो तरी चालेल," शिरीष म्हणाला, "पण पोट झाकलेलं पायजे!"

* * *

आमची इरा आठ वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या हेलात इंग्रजीत. शाळेत कमोगी खेळते. कमोगी म्हणजे मुलींचं हर्लिंग, इथला हॉकीसारखा काठी-चेंडूचा खेळ. मी एकदा विचारलं, "मग मुलांच्या खेळात आणि तुमच्यात फरक काय?" तर मला म्हणाली, "सेम स्टिक, मॅम!" आणि गेली निघून. इथे आईला मॅम म्हणतात.

तर शाळेत सांगितलं, आपल्या कुटुंबाचं चित्र काढा. इराने काढलं. थोड्या दिवसांनी पालकसभेत टीचरने ते आमच्यासमोर ठेवलं. एक दाढीवाला राक्षसासारखा माणूस, हातात कुऱ्हाड, खाली लिहिलेलं 'मॅम'. शेजारी लांब केसांची सुंदर बाई, हातात धनुष्य, खाली 'डॅड'.

टीचर अतिशय गोड बाई. तिने आवाज हळू केला, हात माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली की आमच्या शाळेत सगळ्या प्रकारच्या कुटुंबांचं मनापासून स्वागत आहे, तुम्हाला कधीही बोलावंसं वाटलं तर बोला.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात प्रसाद गंभीरपणे म्हणाला, "थँक यू. इट मीन्स अ लॉट."

बाहेर कारमध्ये येऊन बसलो. मग दहा मिनिटं गाडी सुरू करता येईना, इतके हसलो.

* * *

आई आली तेव्हा पहिले दोन रविवार नुसती मागे बसून स्वेटर विणत बघायची. तिसऱ्या रविवारी म्हणाली, "तो दाढीवाला म्हणजे तू?"

"हो."

"शोभतेस."

मग हळूच, "मला पण काढून दे की एखादी बाई."

प्रसादने लगेच बसवलं तिला. नाव काय ठेवायचं विचारलं तर म्हणाली, "कुसुम." लग्नात आजीने तिचं नाव बदलून मंगल केलं होतं. कुसुम नाव मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं.

कुसुमला लांडगे मारायला सांगितलं तर आई म्हणाली, "त्यांनी काय केलंय माझं?" म्हणून आम्ही तिला जखमा भरणारी काठी दिली. ती बायकांनाच चालते, त्यामुळे प्रश्नच नव्हता. पण आई जखमा भरायची फक्त धोंडोपंतांच्या. मला ओरखडा आला तरी काठी पुढे! तिकडे सुलोचना शेवटच्या घटका मोजतेय.

"काकू! मी बी आहे इथं!"

"तू आधी ते अंगावर नीट घे," आई म्हणाली.

* * *

शलाकाचा फोन आला, "काकूंना घेऊनच ये गं." आई शेजारीच होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तू जा. मी इरापाशी थांबते."

"इराही येतेय."

"मग मी घरापाशी थांबते."

मी चिडले. म्हटलं, कुठल्या काळात राहतेस, इथे कोण बघतंय, शलाका स्वतः बोलावतेय! आईने मटार सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, "बोलावतात गं सगळे. कराडलाही बोलावलं होतं. पण करंडा माझ्यापाशी आला की समोरच्या बाईचा हात अवघडतो. लावू की नको. मला माझं वाईट नाही वाटत. तिचं ते अवघडणं मला बघवत नाही."

मी शेंगा पुढे ओढल्या. तिच्याबरोबर मटार सोलत बसले.

* * *

त्या आठवड्याच्या रविवारी शिरीषला झटका आला. "राजेहो, आपल्याकडे एवढ्या बाया आहेत, हळदीकुंकू पायजे का नाही?"

गेममध्ये तोंडाला लावायचे रंग मिळतात. लाल आणि पिवळा त्याने आणून ठेवला. वाण म्हणून बाजूबंद, तेही फक्त बायकांना चालणारे. सुलोचनाच्या झोपडीत जमायचं ठरलं. डेक्लनला सगळं समजावलं, तर त्याचा एकच प्रश्न, "डू आय ब्रिंग अ टार्ट?"

मी धोंडोपंतांना घेऊन दारात पोचले. शिरीषने अडवलं. "पुरुषांनी बाहेर थांबावं!"

"अरे गाढवा, तुम्हा चौघांपेक्षा मी तरी खरी बाई आहे!"

"नियम म्हणजे नियम. विहिरीपाशी बसा, पंत."

आत चार दाढीवाले एकमेकांना कुंकू लावतायत आणि मी बाहेर विहिरीवर! बघते तर कुसुमही माझ्या शेजारी येऊन उभी राहिलेली. आत गेलीच नव्हती.

सुलोचना बाहेर आली. "काकू, चला. तुमचंच राह्यलं."

आई माइकवर म्हणाली, "मला नको रे शिरीष. इराचे आजोबा गेल्यापासून मी लावून घेत नाही."

 प्रसादने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, झालं, आता आई उठून आत जाणार.

मग शिरीषचा आवाज आला. "काकू, मले लावलं आत्ताच. मले! दाढी आहे, शंभर किलो वजन आहे. बायको नाही, अन् नवरा तर नाहीच नाही. मले चालते अन् तुम्हाले काहून नाही?"

मी आईकडे वळले. मग तिच्या खांद्यांकडे माझं लक्ष गेलं. ते हलत होते. हसत होती! पदराने डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती.

"लाव मेल्या," ती म्हणाली.

सुलोचनाने कुसुमला हळद लावली, कुंकू लावलं, हातात बाजूबंद दिला. कुसुमने तो घातला. मग आईने मला विचारलं, "आता मी लावायचं तर कुठलं बटण?" मी दाखवलं. चौघांनी रांग लावली आणि आईने एकेकाला लावलं. डेक्लन म्हणाला, "थँक्स, काकू." कोणी शिकवलं होतं त्याला, देव जाणे.

* * *

शनिवारी मी साडीला पिना लावत होते तर आई शाल घेऊन कारमध्ये जाऊन बसलेली. मी काहीही विचारलं नाही. विचारलं असतं तर उतरली असती, तिचा भरवसा नाही.

ब्लँचर्डस्टाउनला शलाकाच्या दिवाणखान्यात वीसेक बायका होत्या. शलाका करंडा घेऊन एकेकीला लावत आमच्यापर्यंत आली. मला लावलं. आईपाशी आली आणि तिचा हात थांबला. चांगली मुलगी आहे ती, पण थांबला. 

आईने चष्मा काढून हातात घेतला आणि कपाळ पुढे केलं.

"लाव गं, लाजतेस काय! परवा चार दाढीवाल्यांना लावलंय मी. मला काय होतंय?"

शलाकाने कुंकू लावलं आणि माझ्याकडे बघितलं. सगळ्याच जणी माझ्याकडे बघत होत्या. मी तिळगूळ तोंडात टाकला.