कुंकू लावलेली वायर

त्या वर्षी पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती. अजिंठ्याकडच्या गावातली विहीर आटली म्हणून सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. शहरात तरी पाणी कुठं होतं? आमच्या कॉलनीत टँकर आठवड्यातून दोनदा यायचा. प्यायला पाणी नाही, पण शहराच्या कडेच्या सातारा परिसरात मात्र रोज नवे प्लॉट पडत होते आणि घरं उठत होती. त्या घरांचेच नकाशे मी काढायचे. एका इंजिनिअरच्या ऑफिसातली नोकरी सोडून मी नुकतीच घरी कॉम्प्युटर मांडून बसले होते.

पहिलं स्वतःचं काम मिळालं ते एका निवृत्त मास्तरांचं. दसऱ्याच्या सकाळी मुहूर्तावर भूमिपूजन आणि लगेच मिस्त्री चुन्याची फक्की मारून पायाची आखणी करणार. नकाशा हातात नसेल तर आखणी नाही. "मुहूर्त चुकला तर आमची मंडळी मला जन्मभर ऐकवील," असं मास्तरांनी तीनदा बजावलं होतं. हे काम बिघडलं तर त्या भागातलं कुणी पुन्हा माझ्याकडे फिरकणार नाही, हे मलाही ठाऊक होतं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. दोन दारांची मापं बदलायची आणि घरच्या प्रिंटरवर प्रिंट काढायची, एवढंच उरलं होतं. दुपारी टँकरचा हॉर्न वाजला आणि मी बादल्या घेऊन पळाले. तासाभरानं परत येऊन बघते तर काय, कॉम्प्युटरची पूजा झालेली! खंडेनवमीला ज्यावर पोट चालतं त्याची पूजा करतात. गावाकडे सासूबाई विळा-कोयता पुजायच्या. सुनेचं पोट कशावर चालतं, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. सगळ्या वायरी काढून, डबा ओलसर फडक्यानं पुसून, वायरी परत लावून वर झेंडूचं फूल ठेवलं होतं. मी मागं वाकून पाहिलं, तर वायरींच्या टोकांवर आणि भोकांच्या कडेला हळदीकुंकवाचे ठिपके.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. "अहो आई, विजेच्या वस्तूला कुंकू लावतं का कुणी? लागली ना वाट माझ्या कामाची!" कॉम्प्युटर चालू करूनसुद्धा पाहिला नाही. वायरी उपटल्या, ठिपके खसाखसा पुसले, वायरी परत खुपसल्या आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक निळी चौकट आली: सिग्नल नाही.

"बघा आता!" मी म्हटलं. सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या.

मग माझी खटपट सुरू झाली. वायर काढली, फुंकली, परत लावली. टाचणीनं कोपरे उकरले. शेजाऱ्यांची वायर मागून आणली. ती चौकट आपली पडद्यावर इकडून तिकडे फिरत राहिली. शेवटी गुलमंडीतल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला.

"ताई, औजारांची पूजा झाली की," तो म्हणाला. "आज पान्याला हात लावत नसतो आमी. परवा सकाळी येतो."

परवा! उद्या मास्तरांना कुठल्या तोंडानं सांगू, या विचारानं मी खुर्चीत बसून चक्क रडले.

दारातून आवाज आला. "येक सांगू का? रागवू नको." सासूबाई उंबऱ्याच्या आत आल्या नव्हत्या. "वायरी लई होत्या. इसरंल म्हणून मी खुणा केल्या होत्या. जिला हळद, तिच्या भोकाला हळद. जिला कुंकू, तिच्या भोकाला कुंकू. ही पडद्याची वायर कुंकवाची. ती खालच्या भोकात होती. तू वरच्यात घातलीस."

मी वाकून पाहिलं. आठच दिवसांपूर्वी त्या दुरुस्तीवाल्यानं नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं आणि तेव्हापासून पडद्याची वायर खाली, त्या कार्डात लागत होती. माझ्या हाताला वरच्या जुन्या जागेची सवय, रागाच्या भरात तिथंच खुपसली होती. वायर खाली लावली आणि पडदा उजळला. त्यांनी लावलेलं सगळं बरोबर होतं. बिघडवलं होतं ते मी.

"झालं व्हय? मग घे उरकून," त्या म्हणाल्या. "पूजा झाल्यावर हत्यार चालवत नसतेत, पण देवाला कळतंय तुझी अडचण."

नकाशा मुहूर्ताच्या आधी मास्तरांच्या हातात पडला. घरी येऊन मी सासूबाईंना सोनं दिलं, पाया पडले आणि म्हणाले, "आई, चुकलं माझं." "अगं, त्यात काय येवढं!" म्हणून त्यांनी विषय मिटवला. मला वाटलं, खरंच मिटला.

पुढच्या खंडेनवमीला मी आपणहून त्यांना हाक मारली, "आई, या, पूजा तुम्हीच करायची." त्या ताट घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या. "तूच कर बाई. तुला कळतं त्यातलं." मी हात धरून त्यांना आत आणलं. त्यांनी कॉम्प्युटरला लांबूनच हात जोडले. मग हळूच खाली वाकल्या आणि हळदकुंकू लावलं ते टेबलाच्या पायाला.