अब्बांचे बैल

आमच्या अब्बांनी उभ्या आयुष्यात बैल पाळला नाही. पाळणं सोडा, समोरून बैल आला तर ते रस्ता ओलांडून पलीकडे जातात. आम्ही पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या, हा घरचा धंदा. अब्बांचं गाद्यांचं दुकान होतं, गुडघे गेल्यावर त्यांनी ते बंद केलं. असं असूनही एका भरल्या सभागृहात त्यांच्या नावावर बैलजोडी चढली, आणि ती चढवायला माझाही हात लागला.

मी शाळेत मराठी शिकवतो. घरच्या लग्नकार्यात जेवणं उरकली की मला गोष्ट सांगायला बसवतात. बायको म्हणते, माझ्या गोष्टीतलं खरं म्हणजे बिर्याणीतला वेलदोडा; शोधायला गेलं तर सापडत नाही, नको तेव्हा दाताखाली येतो.

तर अलीकडे पोरं मोबाईलकडून निबंध लिहून आणायला लागली. एका वर्गातल्या निम्म्या आज्यांचे हात 'सुरकुतलेले पण मायेने ओथंबलेले' निघाले, तेव्हा माझ्या लक्षात आलं. आधी मी चिडलो. मग त्यावर वाचत बसलो. आणि मग, माणसाचं वाटोळं जिथून सुरू होतं तिथं पोचलो: त्या विषयातला जाणकार झालो. पन्हाळ्याला शिक्षकांच्या शिबिरात माझं व्याख्यान ठेवलं गेलं. 'यंत्राचा निबंध कसा ओळखावा?' त्यात एक वाक्य मी राखून ठेवलेलं असे. जरा थांबायचं, चष्मा काढायचा आणि म्हणायचं, "खऱ्या निबंधाला मातीचा वास येतो." टाळ्या पडायच्या. मग आणखी बोलावणी आली. घरात आरशासमोर ते वाक्य मी इतक्या वेळा घोटलं की बायको म्हणाली, घरात कुठं ओल आलीय का बघा.

कुठल्या मातीचा, असं मला कुणीच विचारलं नाही.

पुढं एका संस्थेनं शाळांसाठी निबंध स्पर्धा घेतली. विषय 'माझे आजोबा'. निबंध टाईप करून मागवलेले, वरची नावं झाकलेली. परीक्षक आम्ही दोघं. गठ्ठा निम्मा निम्मा वाटून घेतला आणि आपापले गुण पाठवून दिले. माझ्या वाटणीत एक निबंध असा होता की वाचताना डोळे ओले झाले. शेतकरी आजोबा, पहाटे तुळशीला पाणी, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा नाद, हातांना येणारा काळ्या मातीचा वास. मी समासात लाल शाईनं लिहिलं, 'हा खरा!' आणि सगळ्यांत जास्त गुण दिले.

माझी मुलगी नववीत, दुसऱ्या शाळेत. तिनंही भाग घेतलेला मला माहीतच नव्हतं. बक्षीस मिळाल्याचा निरोप आला तेव्हा तिनं सांगितलं. कितवा नंबर ते तिथंच जाहीर होणार होतं, निबंध वाचून दाखवायचा होता आणि आजोबांना घेऊन यायचं होतं. माझ्या गठ्ठ्यात कापूस-गादीचं एक अक्षर नव्हतं. म्हणजे तिचा निबंध दुसऱ्या परीक्षकाकडं गेला असणार, असा हिशेब करून मी निवांत झालो. वर अभिमानही वाटून घेतला.

अब्बांना दुसरं काही सुचेना. दाढी कोरून आले, पांढरा सदरा परटाकडं दिला, अत्तराची कुपी शोधून काढली. नातीला विचारायचे, काय लिवलंस गं माझ्यावर. ती हसायची आणि पळायची. शेवटी मला गाठलं.

"धनुकलीचं लिवलं असंल का रं तिनं?"

धनुकली म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य. तरुणपणी अब्बा ती खांद्यावर टाकून गल्लोगल्ली फिरायचे. तिच्या ताणलेल्या तातीचा, म्हणजे दोरीचा, आवाज ऐकून बायका जुन्या गाद्या घेऊन दारात यायच्या, आणि कुठल्या गल्लीत काय सुरात वाजवायचं हे अब्बांचं ठरलेलं असे. पुढं पिंजायचं यंत्र आलं आणि धनुकली माळ्यावर गेली.

"माझ्यावर लिवलंय म्हणजे असणारच की," त्यांनीच उत्तर देऊन टाकलं.

सभागृहात अब्बांना पहिल्या रांगेत बसवलं. पांढरी टोपी, पांढरा सदरा, दोन्ही हात गुडघ्यांवर. पहिला नंबर म्हणून माझ्या मुलीचं नाव पुकारलं. मी टाळ्या वाजवल्या. ती माईकसमोर उभी राहिली आणि वाचू लागली. "माझे आजोबा पहाटे उठून तुळशीला पाणी घालतात."

दुसऱ्या वाक्याला मी खुर्चीत पुढं सरकलो. तिसरं वाक्य मला पाठ होतं.

अब्बांनी आधी मागं वळून पाहिलं, कुणा दुसऱ्या आजोबांबद्दल चाललंय का म्हणून. मग समोर बघून शेवटपर्यंत ऐकलं. प्रमुख पाहुण्यांनी त्यांना वर बोलावून 'काळ्या आईचा लेक' म्हटलं आणि फेटा बांधायला घेतला. त्यासाठी टोपी काढावी लागली. फोटोत एका हातात नारळ आहे, दुसऱ्या हातात टोपी, आणि चेहरा चुकून दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसलेल्या माणसासारखा.

रिक्षात फेटा सांभाळत अब्बा म्हणाले, "म्हातारा लई भला वाटला. कुणाचा आजा त्यो?"

त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ते खरोखरच विचारत होते.

घरी तिला समोर बसवलं. मास्तरकीचा आवाज काढला, पण तो काही नीट निघेना. तिनं लपवलं नाही.

"पप्पा, तुम्ही रोज आरशासमोर म्हणत होता. खऱ्या निबंधाला मातीचा वास येतो. मी मोबाईलला तेवढंच सांगितलं. आजोबांवर निबंध लिही, मातीचा वास आला पाहिजे."

"आणि गादीचं दुकान? धनुकली?"

"धनुकली म्हणजे काय?"

लग्नाच्या मांडवात मी इतक्या गोष्टी सांगितल्या. त्यांत कापूस पिंजणारा एकही माणूस नव्हता. तिला काय विचारणार?

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांकडं गेलो. म्हटलं, निबंध यंत्राचा आहे, मुलगी माझी आहे, बक्षीस परत घ्या. त्यांनी चहा मागवला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "सर, पहिला नंबर तुम्हीच दिलाय. समासात 'हा खरा' म्हणून लिहिलंय. आता हे बाहेर गेलं तर तुमच्या व्याख्यानाचं काय करायचं?" मी चहा प्यालो. बक्षीस घरातच राहिलं. चहा चांगला होता, हे लिहायलाही लाज वाटते.

तोवर निबंध घरच्या ग्रुपवर फिरून आला होता. गडहिंग्लजहून माझ्या बहिणीचा फोन आला. ती रडत होती. म्हणाली, अगदी आपल्या अब्बांसारखंच लिहिलंय पोरीनं. बैलांचं काय, विचारलं, तर म्हणाली, ते जाऊ दे रे, भावना बघ.

मी व्याख्यानं बंद केली. आता वर्गातच लिहायला बसवतो आणि एकच विचारतो: तुमच्या आजोबांच्या हाताला कसला वास येतो? पोरं आधी हसतात, मग लिहितात. डिझेल, फिनेल, बेकरीचा पाव. एकानं लिहिलं, 'वास घेतला नाही, उद्या घेऊन सांगतो.' हा उपाय बरा आहे. फक्त माझी मुलगी माझ्या वर्गात नाही.

तिची ती आपणहून एका दुपारी अब्बांच्या, म्हणजे तिच्या दादांच्या, खोलीत गेली. मी दारात होतो. कोपऱ्यात खुंटीवर फेटा तसाच टांगलेला होता.

"दादा, धनुकली कशी वाजायची?"

अब्बांनी तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही.

"ऱ्हाऊ दे बाळ. त्या म्हाताऱ्याला नंबर मिळालाय. आता त्यालाच तुझा आजा म्हन."

मग त्यांनी उठून बसत डोक्याखालची उशी काढली, दोन्ही हातांनी थोपटून तिच्यातला गोळा झालेला कापूस कडेपर्यंत सारखा केला, आणि भिंतीकडं तोंड करून पुन्हा आडवे झाले.