हेडमास्तरणीने गिळलेलं वाक्य

वॉर्डातले सगळे तिला हेडमास्तरीण म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने नव्हे. श्वासाच्या मशीनच्या वॉर्डाची ती मुख्य सिस्टर. चादरीला सुरकुती दिसली तरी समोरच्याला फाडून खायची. साथ आली, मशीनं कमी पडू लागली आणि नातेवाईक दारातच एकमेकांच्या अंगावर जाऊ लागले. एका पुढाऱ्याने दमदाटी करून आपल्या मामाला मशीन मिळवून दिलं, त्या दिवशी मात्र तिचं डोकं फिरलं. "वशिल्याने श्वास वाटायचा असेल तर मी चालले घरी," असं तिने मोठ्या डॉक्टरांना तोंडावर सुनावलं.

तेव्हापासून तिची पद्धत सुरू झाली. मशीन कुणाला द्यायचं हे ठरवायला तीन डॉक्टर बंद खोलीत बसत. ती नाव न सांगता पेशंटचं वय, आजार, रक्तातला ऑक्सिजन सांगायची आणि शेवटी खाटेशी उभं राहून स्वतः पाहिलेल्या गोष्टीचं एक वाक्य. 'पाणी मागून घेतो.' 'हाक मारली तरी डोळे उघडत नाही.' डॉक्टर कबूल करत नसत, पण बऱ्याचदा त्या वाक्यावरच निकाल लागायचा.

मग एक दिवस तिच्या धाकट्या बहिणीचा नवराच वॉर्डात आला. तो वेल्डर. या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. लग्नालाच तिचा विरोध होता, आणि तोही कधी तिच्या घरची पायरी चढला नव्हता. बहिणीने तिला दारात गाठलं.

"ताई, एवढं एकदा कर गं."

"मी कुणाचं काही करत नाही. नियम सगळ्यांना सारखा."

"खड्ड्यात गेला तुझा नियम!"

दुपारी एक मशीन मोकळं झालं. गरजू दोन, दोघांची वयं जवळपास सारखी, छातीही सारखीच भरलेली. तिच्या जागी सांगू शकेल अशी दुसरी सिस्टर स्वतः तापाने घरी पडलेली, म्हणजे सांगायचं हिनेच. पहिल्या माणसाबद्दल ती म्हणाली, "बायको जेवली का, असं विचारतो." मग मेहुण्याची पाळी आली. सकाळीच तो आपल्या हाताने उशी सरकवून उठून बसला होता आणि धापा टाकत म्हणाला होता, "हेडमास्तरीणबाई, आज छडी विसरलात वाटतं!" हे सगळं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण आवाज कापला तर? रदबदली केल्यासारखं वाटलं तर?

"आणि तुमचं वाक्य?" डॉक्टरांनी विचारलं.

"विशेष काही नाही."

सरळ बाई होती, मान्य. पण सरळपणाचाही माज असतो, आणि तो तिला होता. आपले हात स्वच्छ ठेवण्याच्या नादात तिने एका माणसाबद्दलचं खरं सांगायचं टाळलं. मशीन त्या पहिल्या माणसाला मिळालं. तो वाचला. वेल्डर दुसऱ्या दिवशी गेला.

जिन्यावर बहिणीने तिची वाट अडवली. मागून मोठे डॉक्टर उतरत होते.

"काल सकाळी तो उठून बसला होता. मला फोनवर दाखवलं त्याने. तुझी टिंगल केली म्हणून हसत होता. आत सांगितलंस हे?"

डॉक्टर थबकले. "उठून बसला होता?" त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. "मग बोलला का नाहीत?"



"ती काय बोलणार? जुना राग काढला तिने," बहीण म्हणाली.

"राग नव्हता गं." हेडमास्तरणीने कठडा धरला. "तो आपला होता, म्हणून मी गप्प बसले."

 बहीण ओरडेल असं वाटलं होतं, पण ती हळू बोलली. "म्हणजे मी तुझी कुणी नसते, तर तो आज जिवंत असता."

हेडमास्तरीण पुढे झाली. निदान त्याचं शेवटचं आवरून द्यावं, अंग पुसावं, म्हणून वॉर्डाकडे वळली. बहिणीने तिचा दंड धरून मागे ओढला.

"तू हात लावायचा नाहीस त्याला. एखादी परकी पाठव."