चांद्याच्या उन्हातला इंग्रजीचा वर्ग

आमच्या भागातून मॅट्रिक होऊन नागपूरला गेलेली मुलं दिवाळीच्या आसपास परत यायची. इतक्या वेळा असं झालं होतं की गावात त्याचं कुणाला नवल उरलं नव्हतं. पोरगा पत्र्याची पेटी घेऊन वडशाला छोट्या रेल्वेत बसायचा आणि धान कापणीला आलं की बांधावर उभा दिसायचा. विचारलं तर म्हणायचा, "हवा मानवली नाई." हवेचा काही दोष नव्हता. कॉलेजात प्राध्यापक इंग्रजीत बोलत, भराभर बोलत, आणि आमच्या मुलांना त्यातलं काही कळत नसे. महिना-दोन महिने ती मागच्या बाकावर बसत, मग कुणाला न सांगता निघून येत.

आरमोरीच्या शाळेत आम्हाला इंग्रजी शिकवणारे सर चांद्याचे होते. तेही असेच एकदा परत आलेले. हे त्यांनीच आम्हाला सांगितलं, परीक्षा संपल्यावर, शाळेच्या पडवीत. "मी दुसऱ्यांदा गेलो म्हणून शिकलो," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा जायला घरचं थोडं होतं माझ्याकडे. तुमच्याकडे ते नाही. तेव्हा पहिल्यांदाच टिकायला पाहिजे." निकाल लागेपर्यंत मे महिनाभर चांद्यात वर्ग घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. फी नव्हती. ज्यांना कॉलेजात जायचं आहे त्यांनी फक्त यायचं.

मी आणि माझा भाऊ, आम्ही दोघंही निघालो. भाऊ माझ्याहून मोठा, पण इंग्रजीत एकदा राहिला म्हणून मॅट्रिकला आम्ही एकाच वर्गात मागच्या-पुढच्या बाकांवर होतो. आमचं घर मासेमारीचं. बा आणि भाऊ तलावात जाळं टाकत, माय टोपली डोक्यावर घेऊन आरमोरीच्या बाजारात बसे. उन्हाळा म्हणजे आमचा सुगीचा काळ. तलावाचं पाणी कमरेखाली येतं, मासळी आकसलेल्या पाण्यात गोळा होते आणि घरातला प्रत्येक हात लागतो. अशा दिवसांत बानं दोघांनाही सोडलं. का सोडलं ते त्यानं सांगितलं नाही. नुसतं "जा" म्हणाला आणि जाळं दुरुस्त करत बसला.

वर्गात आम्ही सगळे मिळून एका बैलगाडीत मावलो असतो. पोंभुर्ण्याकडची दोन शेतकऱ्यांची मुलं होती, बाकीची आमच्या बाजूची. मुलगी मी एकटी. मुलांची सोय परकोटाच्या, म्हणजे शहराच्या जुन्या तटाच्या, आतल्या एका सुट्टीत बंद असलेल्या शाळेत झाली; वर्गही तिथंच भरे. ती तिथंच चूल मांडून भात शिजवत. मी सरांच्या घरी राहिले.

पहिल्या दिवशी सर उभे राहिले आणि इंग्रजीत बोलू लागले. नद्या, गाळ, जमीन असा काहीतरी विषय होता, हे मला नंतर कळलं. तास संपेपर्यंत ते थांबले नाहीत. फळ्यावर काही लिहिलं नाही, कुणाकडे पाहिलं नाही. मग रुमालानं मान पुसली आणि मराठीत विचारलं, "काय समजलं?"

सगळ्यांनी वह्यांत माना घातल्या. शेवटी पोंभुर्ण्याचा एक मुलगा म्हणाला, "सर, वॉटर दोनदा आलं."

"बरोबर. ते लिहून ठेव. उद्या तिसरा शब्द पकड."

मी उठून म्हटलं, "सर, मले तर काईच समजलं नाई. जरा हळू बोलाल का?"

"तिथं हळू कुणी बोलणार नाही. म्हणून मीही बोलणार नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि तिथं 'मला' म्हणत जा. 'मले' वाईट नाही, माझी आई जन्मभर 'मले'च म्हणत आली. पण तिथली मुलं हसतील. ती हसली की तू पुन्हा प्रश्न विचारणार नाहीस. मला भीती आहे ती त्याची."

म्हणजे इंग्रजीबरोबर मराठीही नव्यानं शिकायची होती. दिवसभर मी तोंडातल्या तोंडात मला, तुला, त्याला म्हणत राही. भावाशी बोलताना मात्र 'मले'च यायचं. त्याच्याशी 'मला' म्हटलं तर परक्याशी बोलल्यासारखं वाटे.

चांद्याचं ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळत नाही. सकाळी दहालाच रस्ते ओस पडत. वर्गाची खिडकी बंद ठेवली तर गुदमरायचं, उघडली तर गरम वारा तोंडावर यायचा. सर ओला पंचा डोक्यावर घेऊन बोलत. आम्ही ऐकत बसायचो. न कळणारी भाषा तासन् तास ऐकल्यानं अंग किती दुखतं, हे मला तिथंच कळलं. टोपली वाहून मान दुखते, पण रात्री झोपलं की उतरते. हा शीण झोपेनं उतरत नसे. सकाळी उठावं तर तो उशाशीच असे.

भाऊ वर्गात झोपायचा. रोज. सर त्याला रागावत नसत. बोलता बोलता त्याच्याजवळ येत, खांद्यावर हात ठेवत आणि तसेच पुढे बोलत जात. भाऊ दचकून उठे, वहीवर वाकून बसे आणि थोड्या वेळानं पुन्हा पेंगे.

सरांच्या घरी काकू होत्या आणि त्यांची तीन लहान मुलं. माझं ताट वेगळं होतं, मागच्या दाराशी. जेवून मी ते घासून तिथंच पालथं घालत असे. त्याचं मला तेव्हा वाईटही वाटलं नाही. दुसऱ्याच्या घरी असंच असतं, एवढं माहीत होतं. एक दिवस काकूंना ताप भरला. मुलं भुकेनं रडू लागली तेव्हा मी चूल पेटवली, भात आणि अंबाडीची भाजी केली आणि मुलांना वाढलं. काकूंनाही ताट नेऊन दिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं आणि जेवल्या. बऱ्या झाल्यावर त्यांनी माझं ताट मागच्या दारातून उचललं आणि बाकीच्या ताटांत ठेवलं, एवढंच.

महिना अर्धा झाला असेल. आमच्या गावचा एक माणूस कचेरीच्या कामाला चांद्याला आला आणि निरोप देऊन गेला. बाच्या तळपायात शिंगाड्याचा काटा मोडला होता, पाय सुजून पाण्यात उतरता येत नव्हतं आणि तलाव तर आटत चालला होता. भाऊ दुपारच्याच गाडीनं गेला. "चार दिसांत येतो," म्हणाला.

तो आला नाही. आठवडा उलटून गेल्यावर सर मला म्हणाले, "तू जाऊन घेऊन ये त्याला. निरोपावर येणार नाही तो."

मी गेले. थेट तलावावर पोचले. भाऊ मांडीभर चिखलात उभा राहून जाळं ओढत होता. बा काठावर बसून मासळी निवडत होता, पायाला फडकं बांधलेलं. मला पाहून भाऊ हसला. चांद्यात पंधरा दिवसांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं.

"भाऊ, सर बोलावून राह्यले तुले."

"बाचा पाय पाह्यला नाई का तू?"

"पाह्यला. सूज उतरली त्याची. चालून राह्यला बा."

त्यानं जाळ्यातली एक मरळ काढून काठावर फेकली. "मी नाई येत, बाई."

"काऊन?"

"सर बोलते ना, त मले कौलावर पाणी पडल्यासारखं वाटते. आवाज येते. बोल नाई येत." मग जाळं तसंच हातात धरून त्यानं विचारलं, "तुले येते का?"

खोटं बोलावं असं एक क्षण वाटलं. "थोडं थोडं येते," मी म्हटलं.

"मंग तू जा. दोघं बी गेलो त इथी माय एकटी पडते. बाचं आता पह्यल्यासारखं नाई राह्यलं."

"माय म्हणाली का असं?"

"माय कुठी काई म्हणते? तूच पाह्य तिले जाऊन."

मी घरी गेले. माय बाजारातून येऊन भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावरची चुंबळ अजून मांडीवर. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी निघताना तिनं सुकट झिंग्यांची पुरचुंडी माझ्या पिशवीत घातली.

"सरच्या घरी मासळी चालत नाई, माय."

"मंग गाडीतच खा," ती म्हणाली.

मी गाडीतच खाल्ले. छोटी रेल्वे जंगलातून हळूहळू जात होती, डब्यात तेंदूपानांच्या गठ्ठ्यांचा वास भरला होता. मला रडायला येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. झोप आली.

मी एकटी परत आलेली पाहून सरांनी मान हलवली आणि तास सुरू केला. तोवर पोंभुर्ण्याच्या दोघांतला एक तेंदूपानं तोडायला गेला होता. बाकीचेही एकेक करून घरी परतले आणि शेवटी आम्ही तिघं उरलो. तिघांसमोरही सर तेवढ्याच मोठ्यानं बोलत. त्यांचा घसा बसला होता. काकू वर्गाच्या वेळेला कोमट पाणी पाठवत आणि ते त्याचा घोट घेऊन पुढे चालू करत.

वर्ग संपायला थोडे दिवस राहिले असताना सर एकदा बोलता बोलता थांबले. ते थांबल्यावर माझ्या लक्षात आलं की मी इतका वेळ त्यांचं म्हणणं ऐकत होते. शब्द पकडत नव्हते, म्हणणं ऐकत होते. पूर कसा येतो आणि पुरानंतर शेतात गाळ कसा साचतो, ते सांगत होते. हे केव्हापासून कळायला लागलं, ते सांगता येत नाही. आनंद व्हायला हवा होता. माझं डोकं दुखत होतं, घरी जाऊन मी पाणी प्याले आणि जमिनीवर आडवी झाले.

निकाल लागला. भाऊही पास झाला. सरांनी स्वतः गावात येऊन त्याला पुन्हा विचारलं. भावानं त्यांना बसायला घोंगडी टाकली, चहा दिला आणि नाही म्हणाला.

नागपूरला पहिल्या तासाला मला निम्मं कळलं. शेजारची मुलगी म्हणाली, तिलाही निम्मंच कळतं, ती तर नागपूरचीच होती. दिवाळीला मी गावी गेले आणि सुट्टी संपल्यावर पेटी घेऊन परत निघाले, तेव्हा वडशाच्या फलाटावर ओळखीच्या लोकांनी दोन-दोनदा विचारलं, "वापस चालली का?" इंटरच्या परीक्षेला एकदा नापास झाले. पुन्हा बसले. पुढे शिक्षिका झाले. सांगण्यासारखं मोठं काही झालं नाही, पण दिवाळीला मी कायमची परत आले नाही, एवढं खरं.

सरांनी पुढच्या उन्हाळ्यात तसाच वर्ग घेतला. मग त्यांची बदली झाली आणि वर्ग राहून गेला. तो बंद करायचा असं कुणी ठरवलं नव्हतं. मी नोकरीला लागल्यावर दोन उन्हाळे तसा वर्ग घेऊन पाहिला. न थांबता तासभर बोलायचं, समोर मुलं पेंगत असताना बोलायचं, हे किती अवघड आहे ते कळलं. तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्यानं झालं नाही. माझ्या त्या वर्गांतल्या मुलांपैकी एक मुलगी नागपूरला टिकली. बाकीच्यांचं मला नीट ठाऊक नाही.

भावाला मी खूप वर्षांनी विचारलं. दोघांचेही केस पिकले होते. "खरं सांग, तू माझ्यासाठी राह्यला होता का?"

"नाई वो बाई. मले खरंच समजत नोहतं."

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसला. मग म्हणाला, "पण समजलं असतं त गेलो असतो का नाई, ते आता कसं सांगू?"

आतून वहिनीनं जेवायला हाक मारली. आम्ही उठलो.